मेटाडोरचा पत्रा

उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, येरमाळा या गावांच्या दळणवळणाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास कोणी लिहावयास घेतलाच, तर एस. टी.च्या खालोखाल मानाचे पान मेटाडोर नावाच्या ठेंगण्या, चपट्या नाकाच्या गाडीला द्यावे लागेल, असे आमचे मत आहे. नवरात्रात आईच्या दर्शनाला निघालेली अख्खी भावकी तिने वाहिली, वऱ्हाडे वाहिली, भूम भागातला खवा वाहिला, दुधाचे कॅन आणि बाजाराच्या शेळ्या वाहिल्या, आणि प्रसंगी रुग्णवाहिका होऊन आजारी माणसांना सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवले. गोठ्याशेजारी बाभळीखाली उभी राहिलेली अशी एखादी गाडी भंगारवाल्याच्या हवाली न करता तिचे फिरते घर करावे, आणि तेही गॅरेजवाल्यावर न सोपवता स्वहस्ते करावे, अशी हौस ज्यांना आहे, त्यांच्यासाठी तिच्या पत्र्याची ही हकीकत आहे.

तिची वंशावळ जर्मन आहे. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव नवलमल यांनी 1958 साली हॅम्बुर्गच्या व्हिडाल पितापुत्रांच्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो कंपनी उभी केली, आणि आधी तीनचाकी व मागाहून चारचाकी गाड्या काढता काढता पुण्याजवळच्या आकुर्डीतून मेटाडोर रस्त्यावर आणली. याच घराण्याची तिची बहीण जर्मनीत पुढे हानोमाग आणि नंतर मर्सिडीज अशी नावे बदलीत राहिली, आणि तिच्या पाठीवर तिथल्या हौशी प्रवाशांनी खुशाल संसार थाटले. आपल्याकडे संसाराऐवजी तिच्यात ओझे भरले गेले, एवढाच फरक. इंजिनाची गती पुढच्याच चाकांना दिलेली असल्यामुळे मागच्या आसापर्यंत जाणारा दांडा हिच्या पोटाखाली नाही. म्हणून तळ ठेंगणा ठेवता आला, चढणे-उतरणे सोपे झाले, आणि नेमका तोच ठेंगणा तळ चिखलाच्या तोंडी गेला.

कोकणात गाडी गंजते यात नवल नाही. परंतु बालाघाटाच्या माथ्यावरच्या या अवर्षणग्रस्त मुलखात पत्रा सडावा, याचे परक्याला आश्चर्य वाटते. जर्मनीतल्या बहिणीला हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्ले. इथे तो उद्योग काळ्या मातीने केला. चाकाच्या कमानीच्या आत, दारांखालच्या पोकळ पट्टीत आणि तळाच्या आडव्या आधारांवर ही माती एकदा चिकटून बसली, की वरून रस्ता धुळीने पांढरा झाला तरी आतला ओलावा ती आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. त्यात शेळ्यांच्या मुताचा क्षार आणि सांडलेल्या दुधाचे आंबट पाणी फळ्यांच्या फटींतून झिरपत राहिले, म्हणजे लोखंडाला गंजावयास लागणारी सर्व सामग्री पावसावाचूनच गोळा होते. जिथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टाचलेले असतात तिथे पाणी केशाकर्षणाने शिरते. गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे तो दोन्ही पत्रे आतून फुगवून अलग करतो, आणि बाहेरच्या रंगावर चण्याएवढा फोड दिसू लागतो. तो फोड दिसला, याचा अर्थ आतला व्यवहार केव्हाच पूर्ण झालेला असतो. रसशास्त्रात शंभर वर्षांचे लोहकिट्ट, म्हणजे मंडूर, श्रेष्ठ मानले आहे खरे, पण ते खलात. गाडीच्या तळाशी नव्हे.

म्हणूनच कामाचा आरंभ बाहेरून नव्हे, आतून आणि खालून करावयाचा. बॅटरीच्या तारा सोडाव्या, डिझेलची टाकी उतरवून गाडीपासून दूर ठेवावी, आसने, फळ्या, आतले अस्तर सगळे काढावे, आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर भक्कम उभी करून, जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कदापि न शिरता, तळाची माती खरवडून व धुऊन काढावी. मग एक बोथट पेचकस घेऊन पत्र्याचा पंचनामा करावा. निरोगी पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोकला असता खणखणीत बोलतो. सडलेला भद्द आवाज देतो, आणि टोक दाबले की तपकिरी पोपडे सांडत पेचकस आरपार जातो. चालकाच्या पायांखालचा कोपरा, पुढच्या चाकांच्या कमानींचा वरचा काठ, दारांची खालची घडी आणि काचेच्या रबराखालचा भाग यांची चौकशी सर्वांत आधी व्हावी. खडूने ज्या खुणा कराव्यात त्या छिद्राच्या काठावर नव्हे, तर जिथून चकचकीत, पूर्ण जाडीचे लोखंड सुरू होते तिथे कराव्यात. या घटकेला नवशिक्याचा हात आखडतो, आणि तळहाताएवढा तुकडा कापावयाच्या ऐवजी तो रुपयाएवढा कापतो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच ठिगळाच्या भोवती गंजाचे कडे उमटते.

कापलेल्या जागेचा नमुना आधी जाड पुठ्ठ्यावर उतरवावा, आणि त्यावरून वीस गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा पत्रा कातरावा. भार सोसणाऱ्या भागाला मूळ पत्रा मोजून त्याच जाडीचा घ्यावा. साध्या काडीच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोके पडतात. गॅसच्या ज्योतीने सांधा होतो, पण उष्णता दूरवर पसरून सपाट बाजू तापवलेल्या पापडासारखी वाकते. स्वतः काम करणाऱ्याला सीओटू वेल्डिंगच सोयीचे. त्यातही सलग रेघ ओढावयाची नाही. एक टाका या टोकाला, दुसरा समोरच्या टोकाला, तिसरा मध्यावर, आणि प्रत्येक टाक्यानंतर बोट टेकवेल इतका पत्रा निवू द्यावयाचा, असे करीत टाक्यांमधली अंतरे हळूहळू भरून काढावयाची. आतल्या अंगाला अस्तराचा स्पंज राहिला असेल तर तो धुमसू लागतो. म्हणून पाण्याची बादली आणि एक जागता सोबती जवळ असावा. जुन्या रंगात शिशाचा अंश असू शकतो, तेव्हा ग्राइंडर चालविताना नाकातोंडावर मास्क हवाच.

लांबीविषयी, म्हणजे खळगे बुजविण्याच्या पुट्टीविषयी, आम्हाला थोडे कठोर बोलावयाचे आहे. सडलेल्या भागावर जाळी ठोकून, वर बोटभर लांबी थापून, पॉलिश पेपरने घासून आरशासारखी बाजू काढून देणे ही कारागिरी नव्हे, ती लबाडी आहे. लांबीचे काम सांध्यावरचा नखभर उंचसखलपणा बुजविण्याचे. तिच्याखाली धड लोखंड असले तरच तिला अर्थ आहे. उघडे लोखंड रात्रभरही तसे ठेवू नये. खोलगट डागांतला उरलासुरला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने मारावा, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे धुऊन कोरडे करावे, आणि लगोलग प्राइमरचा हात द्यावा. दारांच्या व पट्ट्यांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे, पाणी निथळण्याची मूळ छिद्रे उघडी राखावीत, आणि बाहेरच्या रंगाचा विचार मग करावा. ज्या परंड्याच्या किल्ल्यावरून मुलुखमैदान तोफ विजापुरास गेली, ती मिश्रधातूची असल्यामुळे साडेचार शतके उघड्यावर टिकली. आपली गाडी पोलादाची आहे, हे विसरून चालणार नाही.

कागदपत्रांचीही बाजू आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. मालवाहू गाडीचे किंवा रुग्णवाहिकेचे फिरते घर करावयाचे असेल, तर असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, आणि एमएच 25 ची पाटी देणाऱ्या धाराशिवच्या परिवहन कार्यालयात त्याविषयी ग्राइंडर हाती घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला मात्र परवानगीवाचून हातही लावू नये.

हे सारे काम कोरड्या हवेचे आहे. दिवाळी आटोपल्यावर गाडी ठोकळ्यांवर चढवावी आणि मृग निघण्यापूर्वी तळाचा शेवटचा हात पुरा करावा. पलंग, ओटा आणि खिडक्यांचे पडदे यांची तजवीज त्यानंतर, सवडीने करावी.