बागेतला छोटा निकाह : मंडपवाले, बावर्ची आणि कारागिरांचे काम

लग्नसराईत मंडपवाल्याच्या वहीत ४००-५०० माणसांच्या ऑर्डरी असायच्या. आता त्याच वहीत अधूनमधून ५०-६० माणसांची नोंद दिसते आणि जागेच्या रकान्यात हॉलचे नाव नसून एखादी बाग किंवा मोकळे पटांगण लिहिलेले असते. कोरोनाच्या काळात, २०२० साली, लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि २ तास इतकी खाली आली. त्या दोन वर्षांत मंडप, केटरिंग, बँडवाले, फूलवाले सगळेच होरपळले. निर्बंध उठले आणि बहुतेक घरे पुन्हा मोठ्या लग्नाकडे वळली. पण काही घरांना त्या छोट्या निकाहाची गोडी लागली ती लागलीच. हॉलचे भाडे नाही, कर्ज नाही, असर आणि मगरिबच्या दरम्यान सारे आटोपते.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी बरेच जण अशी ऑर्डर आली की नाक मुरडतात. एवढ्याशा कामासाठी टेम्पो कोण काढणार, असे म्हणतात. तक्रार खोटी नाही, पण ऑर्डर परत पाठवण्याआधी हिशेब नीट मांडून पाहावा, असे आम्हाला वाटते.

हिशेब ताटावर नको, कामावर हवा

समजा, ४०० माणसांच्या कामाला टेम्पोचे ६,००० रुपये, मजुरीचे ८,००० आणि बावर्ची व त्याच्या मदतनिसांचे १२,००० लागले. एकूण २६,००० झाले, म्हणजे ताटामागे ६५ रुपये. आता ६० माणसांचे काम घ्या. टेम्पो एकच, पण त्याचे ३,००० द्यावेच लागतात. मजुरीचे ३,२०० आणि बावर्चीचे ६,००० धरा. एकूण १२,२०० म्हणजे ताटामागे २०३ रुपये. किराणा आणि गोश्त यात धरलेलेच नाही. मोठ्या कामाचा ताटाचा भाव जसाच्या तसा छोट्या कामाला सांगितला, तर या एका ऑर्डरीत ८,३०० रुपये खिशातून जातील. आकडे गावागावात वेगळे असतील, पण गणित हेच राहते.

म्हणून छोट्या कामाचा भाव दोन तुकड्यांत सांगावा. एक ठरावीक रक्कम टेम्पो, माणसे आणि दिवस अडकतो त्याची, आणि दुसरी ताटामागची. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगितले तर तो रागावत नाही. त्याने हॉलचे भाडे वाचवलेले असते. रागावतो तो ऐनवेळी वाढवलेल्या बिलावर. भाव कागदावर लिहून द्यावा, आगाऊ रकमेची पावती द्यावी, आणि पाऊस आला किंवा परवानगी नाकारली गेली तर आगाऊ रकमेचे काय, हेही त्याच कागदावर असावे. आमच्या माहितीतले बहुतेक तंटे याच एका ओळीवाचून झाले आहेत.

जागा आधी, मंडप नंतर

बाग सार्वजनिक आहे म्हणून तिथे वाटेल ते करता येते, असा समज पुष्कळांचा असतो. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या अनेक बागांत समारंभाला मुळीच परवानगी नसते. काही ठिकाणी फक्त ठरलेला कोपरा किंवा लॉन भाड्याने मिळतो. म्हणून उद्यान विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी, अनामत रकमेची पावती जपावी आणि त्या कागदाची एक प्रत मंडपवाल्याने स्वतःजवळ ठेवावी. चौकीदाराच्या तोंडी ‘चालेल’वर टेम्पो रिकामा करणारा माणूस शेवटी तो पुन्हा भरतो. बाग बंद होण्याची वेळही विचारून घ्यावी, कारण सामान उचलायला तासभर तरी लागतो.

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेत निकाह व्हावा अशी हौस काहींना असते. जागा देखणी आहे यात शंका नाही, पण ते केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सभा, मेजवानी किंवा स्वागत-समारंभ करता येत नाही. कोणी दलाल ‘व्यवस्था करतो’ म्हणाला, तर पैसे देऊ नयेत.

बाग नाहीच मिळाली, तर मशिदीचे अंगण, शाळेचे पटांगण किंवा एखाद्या नातेवाइकाची वाडी आहेच. निकाहाला जागेची अट नाही. ईजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहर एवढ्यावर तो होतो.

सामान कसे न्यावे

मंडपाचा आकार काढणे सोपे आहे. माणसामागे खुर्चीसह ८ चौरस फूट धरले तर ६० माणसांना ४८० चौरस फूट लागतात. वाट आणि बसण्याची गादी मिळून २० बाय ३० फूट पुरतात. मधे कनात लावून बायकांची बाजू वेगळी करायची असेल तर कनात आधी सांगून ठेवावी, नाहीतर ऐनवेळी चादरी बांधल्या जातात आणि फोटोत सगळे दिसते.

लॉनमध्ये खुंट्या ठोकू देत नाहीत. झाडाला खिळा मारणे किंवा दोर आवळणे तर मुळीच करू नये. शहरांतल्या झाडांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. पाइपचा मंडप घ्यावा आणि पायांना वाळूने भरलेल्या गोण्यांचे वजन द्यावे. विजेची जोडणी बहुधा मिळत नाही. डिसेंबरात मुंबईकडे ६ च्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सामान उचलण्यापुरते बॅटरीवरचे दिवे जवळ असावेत. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते. ६० माणसांत काझी साहेबांचा खुतबा तसाही सगळ्यांना ऐकू जातो, मग ती यातायात कशाला?

बागेत चूल पेटवायची नाही, हे बावर्चींनी मनाशी पक्के करावे. देग कारखान्यात दमावर आणावी, झाकणाची कणीक तशीच ठेवावी, गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढवावी आणि जेवणाच्या वेळीच फोडावी. किलो तांदळात ८ ते १० माणसे जेवतात, म्हणजे ६० माणसांना ७ किलो तांदूळ भरपूर झाले. त्यासोबत एक गोड पदार्थ पुरे. जर्दा न्यायला सोपा, फिरनीची मातीची भांडी टेम्पोत हिंदकळतात. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे ४ जार आणि हात धुण्यासाठी व वुजूसाठी वेगळे पाणी, हे विसरू नये. बागेतला नळ दुपारनंतर कोरडा असतो, असे समजूनच चालावे.

महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले घेऊन बागेत गेलात तर अनामत रक्कम गेली म्हणून समजा. दस्तरख्वान कापडी, ताटे स्टीलची किंवा सुपारीच्या पानाची असावीत. इथे आमच्या कारागिरांना एक सुचवावेसे वाटते. भाड्याने द्यायला ६० माणसांपुरते हातछपाईचे कापडी दस्तरख्वान, जुळणारे लोड-तक्के आणि छोट्या कनाती असा एकच संच तयार करून ठेवला तर मंडपवाले तो आनंदाने घेतील. मोठ्या मंडपाचे सामान कापून छोटे करता येत नाही आणि नेमके हेच बाजारात कमी आहे. फूलवाल्यांनीही थंडीत मोगऱ्याच्या मागे न लागता शेवंती, गुलाब आणि निशिगंधावर भर द्यावा.

कागदपत्रे आणि एक नाजूक बाब

निकाहाला दोन साक्षीदार लागतात, महाराष्ट्रातल्या विवाह नोंदणीच्या अर्जावर मात्र तीन साक्षीदारांच्या सह्या असतात. १९९८ च्या कायद्याप्रमाणे निकाहापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी. मोठ्या लग्नात तिसरा साक्षीदार सहज मिळतो. छोट्या निकाहात सगळे पांगले की त्याला शोधत फिरावे लागते, म्हणून त्याच दिवशी नाव-पत्ता लिहून घेतलेला बरा. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कोकणी नातेवाइकांनी तर जास्तच जपावे. तिथे बागेत नुसता निकाह केला तर कायद्याने तो विवाह ठरत नाही, २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही तेच सांगितले. दिवाणी नोंदणीचा विवाह वेगळा करावा लागतो, नाहीतर पुढे मुलीचे हक्क अडचणीत येतात.

कधी ऑर्डर अगदी दहा-बारा माणसांची, घाईची आणि घरच्यांवाचूनची असते. अशा वेळी व्यापारी बिचकतो. एक गोष्ट त्याने पाहिलीच पाहिजे, ती वयाची. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण नसेल तर लग्न लावून देणाऱ्याला २००६ च्या कायद्याखाली २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा लग्नाला हातभार लावणारेही त्यातून सुटत नाहीत. तेव्हा ऑर्डर नाकारावी. दोघे सज्ञान असतील तर जोडीदार निवडण्याचा हक्क त्यांचा आहे. हादिया प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला, आणि मंडपवाल्याने तिथे पंच होऊ नये. मात्र वलीचा प्रश्न काझी साहेबांकडे आधीच मिटलेला असावा. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, त्यांच्या मसलकात वलीशिवाय निकाह होत नाही. दख्खनमधल्या हनफी घरांत सज्ञान मुलीबाबत मत वेगळे आहे. ऐनवेळी देग फोडल्यावर हा वाद निघाला, तर जेवण वाया जाते आणि बिलही अडकते.

शेवटी वलिम्याबद्दल. निकाह बागेत ६० माणसांत झाला तरी वलिमा बहुधा मुलाच्या घरी, दुसऱ्या दिवशी होतोच. आगाऊ रक्कम घेताना त्याची चौकशी करावी. दोन्ही कामे एकाच घरची असतील तर गालिचे, ताटे आणि माणसे तीच राहतात, टेम्पोची फेरीही अनेकदा एकच पुरते. अशा जोड ऑर्डरीला ठरावीक रकमेत थोडी सूट दिली तरी परवडते.