मिक्सरची पिशवी आणि म्हशीची म्होरकी

२०२५च्या नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. विश्वकर्मा योजनेतून शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५ हजारांची मदत त्याआधीपासून आहेच. मशिनी वाढतील, चांगलंच आहे. पण नव्या मशीनवर शिवायचं काय, ही चर्चा ब्लाउज आणि फॉल-पिकोपाशीच अडते. माझं म्हणणं, पहिल्यांदा मिक्सरची पिशवी शिवा. मिक्सर महाग वस्तू, त्यावरचा कर अजून १८ टक्केच आहे, आणि पोरं शिकायला बाहेर पडली की आपण तो कशात घालून देतो? जुन्या साडीत गुंडाळून.

मीही जूनमध्ये भाचीसाठी जुन्या जीन्सची पिशवी शिवली होती. घोडेगावच्या थांब्यावर एसटीत चढताना तळ उसवला आणि मिक्सर डांबरावर आपटला. जार वाचले, मोटारीच्या बुडाला तडा गेला. पोरीचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

ती पिशवी मी गल्लीतल्या शिलाईवाल्या मावशींना दाखवली. चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई. त्यांनी तळ उलटा करून बोट फिरवलं. "कापड कुठं फाटलंय? दोरा तुटलाय. समदा भार तू टिपेवर टाकला, बाई. वजन पट्ट्यानं उचलायचं, कापडानं नुसतं धरून ठेवायचं."

म्हणजे पट्टा पिशवीच्या तोंडाला जोडून भागत नाही. एका बाजूने खाली यावा, बुडाखालून जावा, दुसऱ्या बाजूने वर चढावा. असे दोन पट्टे, प्रत्येकाच्या वरच्या टोकांची मूठ. पट्टा जिथे कापडावर टाचायचा तिथे चौकोनी टीप आणि आत फुली. सुई १८ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. १४ नंबरची सुई जाड थरात वाकते, टाके सुटतात.

पट्टा कुठला घ्यायचा, याचं उत्तर गावातच मिळालं. आमचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार. कासरे, दावी, म्होरक्या विकणाऱ्याकडे रुंद नवार मीटरवर मिळाली. हिसका देणारी म्हैस जिला तोडू शकत नाही, तिला मिक्सर काय जड!

आता आतली गादी, आणि इथे मला घोंगडीबद्दल बोलायचंच आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, अंगाला टोचते, म्हणून तिला भाव नाही. धनगराच्या खांद्यावर मात्र तिचीच घोंगडी पाऊस, थंडी, ऊन सगळं झेलते. लोकरीचा तंतू मुळात कुरळा. दाबला की दबतो, सोडला की परत फुगतो. फोम काही वर्षांत भुरभुरतो, कापसाच्या गाठी होतात. जीर्ण घोंगडीचा तुकडा कॅनव्हास आणि अस्तराच्या मधे घाला आणि गोधडीसारखा धावदोरा मारा, म्हणजे थर सरकणार नाही. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती आधी धुऊन काढायची. बुडाशी घोंगडीचे दोन थर आणि प्लायचा तुकडा.

बाकी शिवण साधी आहे. माप आपल्याच मिक्सरचं घ्यायचं, चहूबाजूंनी इंचभर सैल. जारसाठी वेगळा कप्पा, झाकणांना आणि वायरला बाहेरचा खिसा. मिक्सर गार आणि कोरडा झाल्याशिवाय चेन लावायची नाही, ओल कोंडली तर मोटारीच्या जिवावर येतं.

अशी शिवून दिलेली दुसरी पिशवी घेऊन भाची दिवाळीला आली. मी आधी तळ बघितला. एक टाका हललेला नव्हता. तिच्या खोलीतल्या दोघींनी मापं पाठवलीत, एकीने इस्त्रीचं, दुसरीने इंडक्शनच्या शेगडीचं. इस्त्रीच्या पिशवीला अस्तर सुतीच लावणार, तापलेली इस्त्री कुणी घाईत आत टाकलीच तर नायलॉन वितळतं. शुक्रवारी नवार आणायला जायचंय.