उंबर फोडल्यावर: एका फळात किती नाती असतात?

पिकलेले उंबर फोडले की आतून बारीक किडे बाहेर पडतात. लहानपणी बहुतेकांनी ते पाहिलेले असतात आणि ‘किडके निघाले’ म्हणून फळ फेकूनही दिलेले असते. हे किडे म्हणजे केंबरे. झाकलेली गोष्ट उगाच उकरणाऱ्याला ‘उंबर फोडून केंबरे काढू नकोस’ म्हणतात, ते यावरूनच. आज मात्र आपण तेच करणार आहोत.

उंबराचे फूल कधी दिसत नाही, कारण ती फुले फळाच्या आत असतात. कच्चे उंबर म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलोराच. त्याच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असते. फुले तयार झाली की त्यातून वास सुटतो आणि गांधीलमाशीच्या नात्यातली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची एक मादी तिथे येते. वाट इतकी अरुंद असते की आत शिरताना तिचे पंख तुटतात. परत फिरायचा प्रश्नच नसतो. ती बरोबर आणलेले पराग फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते.

(बाजारातल्या अंजिरातही मेलेला किडा असतो का, हा प्रश्न हमखास येतो. पुरंदरच्या अंजिराला फळ धरायला परागीभवन लागतच नाही. तेव्हा निश्चिंत खा.)

अंडे पडलेल्या फुलात अळी वाढते, उरलेल्यांत बी धरते. थोडक्यात, झाड आपल्या काही बिया पराग आणणाऱ्याला मजुरी म्हणून देते. काही आठवड्यांनी बिनपंखांचे नर आधी बाहेर येतात. ते आतच माद्यांशी मीलन करतात, फळाची भिंत कुरतडून भोक पाडतात आणि लवकरच मरतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून उडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसांचेच आयुष्य असते.

पुस्तकात याला सहजीवन म्हणतात. पण या घरात बिनबोलावलेले पाहुणेही आहेत.

काही जातींच्या माद्या आत शिरतच नाहीत. फळावर बसून केसासारखी लांब नळी भिंतीतून आरपार घालतात आणि बाहेरूनच अंडी सोडतात. परागीभवन शून्य, फुकटचा मुक्काम. त्यांतल्या काहींच्या अळ्या तर आधीच आत असलेल्या अळ्यांच्या जिवावर वाढतात. अशाच एका जातीच्या नळीच्या टोकाला जस्ताचा अंश असतो, त्यामुळे ते टोक कठीण बनते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली हे दाखवले.

या उपऱ्यांना पकडतात मुंग्या, विशेषतः पानांची घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या. म्हणजे मुंग्या झाडाच्या राखणदार झाल्या का? तसेही म्हणवत नाही, कारण पराग घेऊन निघालेल्या माद्याही त्या तितक्याच आवडीने खातात. त्यांना शिकार हवी असते, झाडाचे हिशेब त्यांना ठाऊक नाहीत.

आणखी एक प्रवासी आहे: सूत्रकृमी. हे सूक्ष्म जंत मादीच्या अंगावर बसून एका फळातून दुसऱ्या फळात जातात. थोडे असले तर तिला फारसा त्रास होत नाही. फार झाले तर तिचे उडणे अवघड होते. मग त्यांना निरुपद्रवी सहप्रवासी म्हणायचे की परजीवी? उत्तर त्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. मित्र, शत्रू, परजीवी या पाट्या आपण जातींना कायमच्या चिकटवतो. उंबरात त्या टिकत नाहीत.

आता फळाबाहेर येऊ. उडालेल्या मादीला एक-दोन दिवसांत, फुले नुकतीच तयार झालेले दुसरे उंबर हवे. तिच्या स्वतःच्या झाडावरची फळे बहुधा एकाच वेळी पिकतात, म्हणून शोध दुसऱ्या झाडाचा. अंतराचे तिला फारसे भय नाही. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका आफ्रिकी भाऊबंदाचे पराग वाऱ्यावर अशा कीटकांनी सरासरी ८० किलोमीटरपेक्षा लांब नेल्याचे आढळले आहे. पण परिसरात पुरेशी झाडे असावी लागतात, तीही वेगवेगळ्या वेळी बहरणारी. याच वेळापत्रकामुळे इतर फळे नसतानाही कुठे ना कुठे एखादे उंबर पिकलेले असते आणि हरियल, धनेश, वटवाघळे, माकडे यांचे त्यावर भागते. बिया दूर नेण्याचे कामही तेच करतात.

रस्ता रुंद करताना एक जुने उंबर गेले, बदल्यात दहा रोपे लावली, असा हिशेब आपण मांडतो. त्या रोपांना फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. मादीकडे दोनच दिवस असतात.