आधी बांध, मग किल्ला : भोपाळ पाहण्याची एक रीत

भोपाळला येणाऱ्या मराठी माणसाला या शहराबद्दल बहुधा दोन गोष्टी ठाऊक असतात. १७३७ साली थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथे कोंडले, आणि १९८४ साली इथे वायुदुर्घटना झाली. मग सांचीला जाताजाता तो अर्धा दिवस काढतो, तलावाकाठचा भोजाचा पुतळा पाहतो, एखादी मशीद बाहेरून पाहतो आणि गाडीत बसतो. इतर पाहुण्यांचेही तसेच. कुणी फक्त राजा भोजाचे भोपाळ शोधत येतो, कुणी नवाबांचे, कुणी राणी कमलापतीचे. प्रत्येकाला आपापले भोपाळ सापडते आणि बाकीचे दिसेनासे होते.

या टिपणात मी एक वेगळा क्रम सुचवतो आहे. किल्ले, देवळे, मशिदी, दर्गे सगळे पाहा, पण सुरुवात बांधापासून करा. माझी नोकरी मातीकामात आणि काँक्रीटमध्ये गेली, त्यामुळे माझा डोळा तिकडे जातो हे खरेच. पण कारण तेवढेच नाही. या शहरातली बहुतेक जुनी वास्तू कुठल्या ना कुठल्या पाण्याच्या आधाराने उभी आहे, आणि ते पाणी कुणीतरी मुद्दाम अडवलेले आहे.

कमला पार्क : बाग नव्हे, धरण

जुन्या शहराकडून श्यामला टेकडीकडे जाताना रस्त्याला लागून कमला पार्क लागते. लोक इथे फिरायला येतात, पण आपण धरणाच्या माथ्यावर चालतो आहोत हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पश्चिमेला बडा तालाब, पूर्वेला खालच्या पातळीवर छोटा तालाब, आणि मधला हा मातीचा बांध. परंपरेने तो ११व्या शतकातल्या परमार राजा भोजाच्या नावावर आहे. 'भोजपाल' वरून 'भोपाळ' झाले, आणि त्यातला 'पाल' म्हणजे पाळ, बांध, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मला ती आवडते, पण ती सिद्ध झाली आहे असे म्हणत नाही.

बांधाने अडवली ती कोलांस नदी. ती पूर्वी हलाली नदीला मिळत असे. बांध घातल्यावर तिच्या वरच्या भागातले पाणी तलावात साठले आणि जादाचे पाणी दुसऱ्या बाजूने, आग्नेयेकडून, कलियासोत नदीत वळवले गेले. म्हणजे नुसता तलाव झाला नाही, एका नदीचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात गेले. आज त्याच वाटेवर १९६५ साली बांधलेले भदभदा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की बघायला शहर लोटते.

छोटा तालाब बराच नंतरचा. १७९४ साली नवाब हयात मुहम्मद खानाचा मंत्री छोटे खान याने तो बांधवला. मातीच्या धरणातून थोडे पाणी नेहमीच झिरपते. बड्या तालाबाचे असे झिरपलेले पाणी छोट्या तालाबात येते. एका बांधाची गळती हीच दुसऱ्या तलावाची आवक.

याच बांधाला लागून राणी कमलापतीचा महाल आहे. गिन्नौरगढच्या गोंड राजा निजामशाहाची ही राणी. महालाचे काम १७२२ च्या सुमाराचे, विटांचे, कमानदार सज्जांचे. महाल सात मजली असून पाच मजले पाण्याखाली आहेत असे स्थानिक लोक सांगतात. मजले मोजण्याऐवजी महाल कशावर टेकला आहे ते पाहावे. २०२१ मध्ये हबीबगंज रेल्वे स्थानकाला राणीचे नाव दिले गेले तेव्हापासून महालाची गर्दी वाढली आहे. बांधाकडे मात्र अजूनही कुणी बघत नाही.

किल्ला आणि पाण्याचा सापळा

दोस्त मोहम्मद खान हा औरंगजेबानंतरच्या गोंधळात माळव्यात उभा राहिलेला अफगाण सरदार. आधी त्याने शहराच्या उत्तरेचे जगदीशपूर देवडा राजपुतांकडून घेतले आणि त्याचे नाव इस्लामनगर ठेवले. तिथले चमन महाल, राणी महाल आणि हमाम आजही पाहण्याजोगे आहेत. तिथली कत्तल आणि त्यावरून नदीला पडलेले 'हलाली' हे नाव, ही कथा सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२३ मध्ये गावाचे नाव पुन्हा जगदीशपूर झाले. पाटी कुठलीही असो, दोन्ही नावांचा इतिहास एकाच तटाच्या आत आहे.

पुढे त्याने तलावाकाठी फतेहगढ बांधला, पत्नी फतेह बीबीच्या नावाने. आज किल्ला म्हणून शोधायला गेलात तर हमीदिया रुग्णालय आणि गांधी वैद्यकीय महाविद्यालय सापडेल. त्यांच्या आवारात तटाचे अवशेष आणि 'ढाई सीढी की मस्जिद' ही इवलीशी मशीद आहे. ही भोपाळची पहिली मशीद असे मानतात. रुग्णालयात जातो आहोत याचे भान ठेवून, गाजावाजा न करता पाहावी.

इथे उभे राहिले की १७३७ चा डिसेंबर उलगडतो. मराठ्यांना उत्तरेतून हुसकावण्यासाठी निघालेला निजाम मोठे सैन्य आणि जड तोफखाना घेऊन भोपाळला आला. इथला नवाब यार मोहम्मद खान त्याच्याच आश्रयाने गादीवर बसलेला, त्यामुळे जागा त्याला सुरक्षित वाटली. एका बाजूला किल्ला, एका बाजूला तलाव. तोफखान्याच्या हिशेबाने हे पक्के ठाणे आहे. पण ज्या पाण्यातून शत्रू आत येऊ शकत नाही, त्या पाण्यातून आपले धान्यही आत येत नाही. बाजीरावांनी तटावर डोके आपटले नाही. त्यांनी रसदेच्या वाटा बंद केल्या, आणि दक्षिणेतून मदत येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा फौज घेऊन खाली सज्ज होते. उपासमार सुरू झाली. निजाम तोफांच्या आडून थोडे थोडे सरकत बाहेर पडायला बघत होता, तेही जमेना. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईत तह झाला. माळवा, नर्मदा आणि चंबळ यांमधला मुलूख, आणि पन्नास लाख रुपये देण्याचे निजामाने कबूल केले. दोराहा आज सीहोर जिल्ह्यात आहे.

आपण ही हकीकत विजयाची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण पंचाहत्तर वर्षांनी, १८१२–१३ मध्ये, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच शहराला वेढा दिला तेव्हा वझीर मोहम्मद खानाने ते कित्येक महिने झुंजवले आणि शहर पडले नाही. बायकाही तटावर लढल्या असे सांगतात. भोपाळच्या आठवणीतले मराठे मुख्यतः या वेढ्यातले आहेत. इथे फिरताना आपल्याला पहिला वेढा आठवतो आणि यजमानांना दुसरा. दोन्ही ठाऊक असलेले बरे.

बेगमांचे शहर

१८१९ पासून १९२६ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, भोपाळवर स्त्रियांनी राज्य केले : कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान बेगम. जुने शहर पाहायचे म्हणजे बरेचसे त्यांचे काम पाहायचे. कुदसियाचा गौहर महाल (१८२०) तलावाकाठी आहे. चौकातली जामा मशीद तिचीच, १८५७ मध्ये पुरी झालेली. जवळची मोती मशीद सिकंदर बेगमची, दिल्लीच्या जामा मशिदीची लहान आवृत्ती वाटावी अशी. कुदसियाने शहराला नळाने पाणी देण्याची योजनाही उभारली. मशिदीवर तिचे नाव वाचतो तेव्हा हेही आठवावे.

शाहजहान बेगमने ताज-उल-मसाजिद हे प्रचंड काम काढले. शेजारी मोतिया तालाब आहे, त्याखाली आणखी दोन, पायऱ्यांसारखे उतरत गेलेले : वरच्या तलावाचे पाणी खालच्यात. १९०१ मध्ये बेगम वारली आणि मशीद अर्धवट राहिली. १९७१ मध्ये मौलाना इम्रान खान नदवी यांच्या पुढाकाराने काम पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये पुरे झाले. प्रार्थनेची वेळ सोडून जावे, डोके झाकावे, अंगणातून घुमट आणि मिनार सावकाश पाहावेत. तलावातल्या तकिया टापूवर शाह अली शाह यांचा दर्गाही आहे. इथे पाण्यातच देवस्थान आहे.

भोजपूर : थांबलेले बांधकाम

एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर मी भोजपूर सांगेन. शहरापासून साधारण २८ किलोमीटर, बेतवेच्या काठी. भोजाच्या काळातले हे शिवमंदिर पुरे झालेच नाही. आतले लिंग साडेसात फूट उंच, घेर जवळपास १८ फूट. वालुकाश्माचे वजन धरून हिशेब केला तर नुसते लिंग ११–१२ टनांचे होते. खालच्या पीठासह उंची ४० फुटांवर जाते. छत पेलणारे चार खांब तितकेच उंच.

पुरे झालेले देऊळ आपल्याला कळस दाखवते. अपुरे देऊळ कळस कसा चढवायचा ते दाखवते. मागच्या बाजूला दगडमातीचा उतार आहे. त्यावरून अवजड शिळा ओढत वर नेत. काम संपले की असा उतार काढून टाकतात. इथे काम संपलेच नाही, म्हणून तो राहिला. आसपासच्या खाणीत अर्धवट घडवलेले दगड पडून आहेत. दगडांवर गवंड्यांच्या १३०० हून अधिक खुणा आहेत, काही ठिकाणी नावेही. आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे भोवतालच्या सपाट खडकांवर कोरलेले नकाशे : तळविन्यास, खांब, शिखराच्या थरांच्या रेषा. कागदाच्या जागी खडक. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ याच भोजाच्या नावावर आहे, पण ग्रंथातली वास्तू आणि साइटवरचे ड्रॉइंग यांत फरक असतो. इथे ड्रॉइंग आहे.

काम का थांबले? युद्ध, मृत्यू, पैसा, सगळे तर्क झाले आहेत. पुरातत्त्व विभागाच्या के. के. मुहम्मद यांनी भाराच्या हिशेबातली चूक आणि त्यामुळे कोसळलेले छत, ही शक्यता मांडली. पुढे दुरुस्ती करताना छताची मधली पोकळी मूळ नक्षीशी जुळणाऱ्या फायबरग्लासने झाकली गेली. भार न वाढवता पाऊस थांबवला, हा मला शहाणपणाचा निर्णय वाटतो.

आता मंदिराकडे पाठ करून दरीकडे बघा. इथेही जुने बांध आहेत : आत माती, दोन्ही अंगांना चुन्याशिवाय रचलेले मोठाले दगड. त्यांनी बेतवा अडवून एक अफाट सरोवर केले होते. १५व्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने ते फोडले. फोडायला तीन महिने, रिकामे व्हायला तीन वर्षे आणि तळ राहण्याजोगा व्हायला तीस वर्षे लागली अशी गोंडांची कथा आहे. जवळच्या मंडीदीप या औद्योगिक गावाच्या नावात त्या सरोवरातले 'द्वीप' उरले आहे असेही सांगतात.

दुसरी कथा अशी की सरोवराला ३६५ प्रवाह हवे होते, काही कमी पडले, तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदाराने हरवलेली नदी दाखवली आणि तिचे नाव कलियासोत पडले. १९व्या शतकात किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने या कथेचा धागा भोपाळच्या तलावाशी जोडला. कोलांसचे वळवलेले पाणी कलियासोतमधून बेतवेच्या या सरोवरात येत होते. हे मान्य केले तर कमला पार्कचा बांध आणि भोजपूरचे देऊळ या एकाच योजनेच्या दोन टोकांच्या गोष्टी ठरतात. म्हणून म्हणतो, बांध आधी पाहा.

दोन दिवसांचा बेत

पहिल्या दिवशी सकाळी कमला पार्क, कमलापती महाल, गौहर महाल, मग पायी चौकात जामा आणि मोती मशीद, दुपारनंतर फतेहगढ आणि संध्याकाळी ताज-उल-मसाजिद. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी भोजपूर, आणि वेळ उरला तर भीमबेटका. उज्जैनच्या विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेली ही चित्रगुंफा आता जागतिक वारसा आहे. महाशिवरात्रीला भोजपूरला जत्रा असते. दर्शन होईल, खडकावरच्या रेषा दिसणार नाहीत.

बडा तालाब आजही भोपाळच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा पुरवतो. २००२ पासून दोन्ही तलाव मिळून रामसर यादीत आहेत, तरी काठावर बांधकामे सरकत आहेत. देवळाला आणि मशिदीला राखणारे भक्त मिळतात. बांधाला कुणी भक्त नाही. भोजपूरच्या खडकावरचे नकाशे तर उघड्यावरच आहेत, ऊन, पाऊस आणि आपली पावले सोसत. सूर्य खाली असताना तिरप्या उजेडात त्या रेषा स्पष्ट उमटतात. तेव्हा जा, चपला कडेला काढा, रेषांवर पाय न देता बाजूने फिरा, आणि मुलांना बरोबर न्या.