आइसलँडमधलं शूटिंग : सूर्य जागा असतो, युनिट नाही

मघाशी एकांनी विचारलं, ‘आइसलँडला जूनमध्ये रात्रच नसते, मग पाच दिवसांचं शूटिंग तीन दिवसांत का उरकू नये?’ बरं झालं विचारलंत. बजेट नेमकं इथेच फसतं.

जूनच्या उत्तरार्धात रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या आसपास उगवतो. मधे अंधार असा पडतच नाही. शिवाय तो तिरपा, सोनेरी प्रकाश, जो आपल्याकडे अर्ध्या तासात संपतो, तिथे तासन्‌तास टिकतो. कॅमेरामन तर हरखूनच जातो! पण कायद्याप्रमाणे तिथल्या कामगाराला चोवीस तासांत ११ तास सलग विश्रांती द्यायची असते. म्हणून जास्त तास मोजू नका, कॉल टाइमच संध्याकाळचा ठेवा. दुपारी युनिट झोपू दे. डिसेंबरात सगळं उलटं, उजेड जेमतेम चार तास.

थकलेलं युनिट म्हणजे नुसती चिडचिड नव्हे, धोका आहे. ‘दिलवाले’मधल्या (२०१५) ‘गेरुआ’मुळे तिथली काळी वाळू आपल्या ओळखीची झाली. त्याच दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफ्यारा आहे. समुद्र शांत दिसतो, आणि मधेच एक लाट खूप आतपर्यंत येते. तिथे पर्यटक वाहून गेलेत, दगावलेत. अशा जागी एक माणूस फक्त समुद्राकडे बघायला ठेवा. त्याच्या हातात दुसरं काही काम देऊ नका.

आणि हो, सरकार खर्चाचा २५ टक्के परतावा देतं, पण काम संपल्यावर, हिशेब तपासून. तोपर्यंतचे पैसे तुमच्याच खिशातून.