स्पर्शाविना तापमापन : निवड आणि वापर

२०२० साली कोरोनाच्या साथीत शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालयांच्या प्रवेशद्वारांवर कपाळासमोर धरावयाचा तापमापक दिसू लागला. साथ ओसरली, तरी या उपकरणाची उपयुक्तता संपलेली नाही. मात्र त्याचे कार्य व मर्यादा समजून न घेतल्यास तापाने फणफणलेले मूलही निरोगी ठरवून वर्गात बसविले जाण्याचा धोका संभवतो.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. या अदृश्य किरणांचा शोध विल्यम हर्षेल यांनी १८०० साली लावला. उपकरणातील संवेदक हे किरण ग्रहण करतो व त्यांवरून पृष्ठभागाचे तापमान काढले जाते. काही उपकरणांतील लाल लेसर केवळ नेम धरण्यासाठी असतो. त्याचा रोख डोळ्यांकडे करू नये.

खरेदीपूर्वी उपयोग निश्चित करावा. कपाळाची त्वचा शरीराच्या अंतर्भागापेक्षा थंड असते. वैद्यकीय उपकरण ही तफावत हिशेबात घेऊन आकडा दाखविते; यंत्रांसाठी असलेले उपकरण तसे करीत नाही. म्हणून पंपाचे तापलेले बेअरिंग तपासण्याचे उपकरण विद्यार्थ्यांसाठी वापरू नये. यंत्रांच्या उपकरणावर १२:१ असे प्रमाण असल्यास १२ फुटांवरून ते सुमारे १ फूट व्यासाच्या वर्तुळाचे सरासरी तापमान दाखविते. वस्तू त्याहून लहान असेल, तर मागील भिंतीचे तापमानही आकड्यात मिसळते. चकचकीत धातू अवरक्त किरण फारच थोडे बाहेर टाकतो. त्यामुळे त्याचे मापनही फसवे ठरते.

विद्यार्थ्यांची तपासणी सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर करावी. उन्हातून आलेल्या मुलाला १५ ते ३० मिनिटे बसू द्यावे, कपाळावरील घाम पुसावा, केस बाजूस सारावेत आणि माहितीपत्रकात दिलेले अंतर कटाक्षाने पाळावे. आकडा १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा अधिक आल्यास साध्या तापमापकाने खात्री करून घ्यावी व मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. आकडा कमी असूनही मूल मलूल दिसत असेल, तर आकड्यावर विसंबू नये.

हीच दक्षता लसीच्या साठवणुकीतही हवी. शीतपेटीतील बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पेटीच्या बाह्य पृष्ठभागावर घेतलेल्या मापनावरून आतील लसीचे तापमान कळत नाही. त्यासाठी पेटीत ठेवलेलाच तापमापक वाचला पाहिजे. उपकरण केवळ पृष्ठभाग पाहते, हे ध्यानी ठेवल्यास त्याचा योग्य लाभ घेता येईल.