ओझ्याखाली बळ का सरते?

काल ज्या माणसाने शंभर किलोचे पोते सहज पाठीवर घेतले, तोच आज ऐंशी किलो उचलताना मध्येच अडतो. व्यायामशाळेतल्या वजन उचलणाऱ्या गड्याचेही असेच होते. बार गुडघ्यापर्यंत येतो आणि पुढे बोटभरही सरकत नाही. पाहणारे चटकन निकाल देतात : ‘अंगचोर आहे!’ ओझी वाहणाऱ्यांच्या संघटनेत काम करताना तरुणपणी आम्हीही असे निकाल दिले आहेत. पुढे पुस्तके चाळली, डॉक्टरांना विचारले, तेव्हा आमची चूक ध्यानी आली. बळ सरण्याचा प्रकार एकच नाही, आणि आपल्या भाषेने तर त्यांना वेगवेगळी नावे देऊन ठेवली आहेत.

पहिला प्रकार दमछाकीचा. जोराच्या कामासाठी स्नायूत जे तयार इंधन साठवलेले असते, ते फार तर दहाएक सेकंद पुरते. ते भरून यायला तीन ते पाच मिनिटांची विश्रांती लागते. १९२२ सालचे नोबेल पारितोषिक हिल आणि मायरहॉफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी मिळाले. त्यानंतर बरीच वर्षे सारा दोष लॅक्टिक आम्लावर ढकलला जाई. आजचे शास्त्र सांगते की, इंधन जळताना साचणारे फॉस्फेटही स्नायूचे आकुंचन दुबळे करते. थोडक्यात, दोन खेपांमधली विसावा घेण्याची मिनिटे ही चैन नव्हे. तो कामाचाच भाग आहे.

दुसरा प्रकार अवसान गळण्याचा. इथे स्नायू शाबूत असतो, पण मज्जासंस्था त्याला पुरा हुकूम देत नाही. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस यांनी एक प्रयोग केला. माणूस हाताने जोर लावत असता त्याच्या मागे पिस्तुलाचा बार काढला किंवा त्याला ओरडायला सांगितले, तर त्याचा जोर वाढे. म्हणजे एरवी काही बळ राखून ठेवलेले असते. आमचे हमाल एकसुरात आरोळी देऊन गाडा ढकलतात, ते उगीच नव्हे. मात्र झोप अपुरी असेल, मनात धास्ती असेल, किंवा गुडघा सुजलेला असेल, तर हा हुकूम आपोआप आखडतो. सुजलेल्या गुडघ्यावरचा मांडीचा स्नायू इच्छा असूनही पुरा आवळत नाही. अशा वेळी ‘हिंमत धर’ म्हणणे व्यर्थ होय.

तिसरा प्रकार घेरीचा. वजन उचलताना आपण दम कोंडतो. त्याने पाठीला आधार मिळतो, पण छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. १९८५ साली कॅनडात केलेल्या मोजणीत पायांनी जड वजन रेटणाऱ्या पाच गड्यांचा रक्तदाब सरासरी ३२० वर २५० पर्यंत चढला होता. दम सोडताच तो झपाट्याने खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उचलण्याआधी भराभर श्वास घेतल्यास धोका वाढतो. उपाशीपोटी किंवा उन्हात घाम गाळल्यावर तर अधिकच.

चौथा प्रकार उसणीचा. कमरेत कळ येते आणि सारे अंग हात टेकते. बहुधा विश्रांतीने व हलक्या हालचालीने हे बरे होते. परंतु पाऊल उचलेनासे झाले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मणक्यांमधल्या नसा दबल्या असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाचवा प्रकार विरळा, पण फसवा. दिवसभर कष्ट, रात्री भरपेट भात आणि गोड, आणि पहाटे पाय उचलता येत नाहीत. रक्तातले पोटॅशियम घसरल्याने असे होते. काहींना त्यामागे थायरॉइडचा विकार असतो. याला ‘सोंग’ म्हणणाऱ्याने आधी रक्त तपासून घ्यावे. जोर लावताना छातीत दुखून किंवा धडधड होऊन बळ गेले, तर संशय हृदयाचा धरावा आणि वेळ दवडू नये.

आता या सर्वांतून एक गोष्ट निघते. बळ सरणे हा शरीराने दिलेला इशारा आहे, गुन्हा नव्हे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ओझ्याबाबत करार केला व सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कायदा कागदावर असतो. पाठीवरचे पोते मात्र खरे असते. म्हणून व्यायामशाळेतल्या उस्तादांना, मुकादमांना आणि घरी गॅसचे सिलिंडर वर पोहोचवून घेणाऱ्या आपणा सर्वांना आमचे एकच सांगणे आहे : समोरचा माणूस मध्येच थांबला, तर त्याला आधी ओझे खाली ठेवू द्या. कारण मागाहून विचारता येईल.